कायदा शिकायला लेकीला कुठे पाठवावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. धागा लांबला तर सांभाळून घ्या. घरात दोन महिने हाच विषय चाललाय आणि आमच्या दोघांच्याही घराण्यात आजवर कुणी वकील झालेलं नाही, म्हणून इथे विचारते.

लेक सांगलीत बारावी कॉमर्सला आहे. दहावीपासून तिचं एकच, कायदा शिकायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, हे साखर कारखान्यात हिशेब विभागात. माझा भाऊ लेस्टरला असतो. तो म्हणतो, इकडे पाठव, इथे बारावीनंतर एलएल.बी. तीनच वर्षांची आहे, राहायला माझं घर आहे. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या पुण्यातल्या एका ऑफिसात गेलो, त्यांनीही तेच सांगितलं. वर म्हणाले, ती पदवी घेऊन परत आली की इथे लगेच वकिली करता येते, भारतातल्या पाच वर्षांच्या कोर्सपेक्षा दोन वर्षं वाचतात. निघताना कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाची माहितीपत्रकंही हातात दिली.

विश्रामबागेत आमचा एक प्लॉट आहे. तो विकला तर पैसे उभे राहतील. पण म्हातारपणासाठी ठेवलेलं असं तेवढंच आहे. लेकीसाठी विकायची तयारी आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी जायला नको. तिला लंडनचं आकर्षण आहे हे मी लपवत नाही. तुमच्यापैकी जे या वाटेने गेलेत त्यांनी जरा मोकळेपणाने सांगा.

पाऊलवाट

ताई, प्लॉट विकू नका. सीईटी द्या, पुण्याच्या आयएलएसला किंवा मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात मिळालं तर सोनं. मुंबईचं कॉलेज १८५५ चं आहे, आशियातलं सगळ्यात जुनं. फी इतकी कमी की लेस्टरच्या एका महिन्याच्या भाड्यात वर्ष निघेल.

कोर्टकचेरी

कृष्णाकाठताई, मी बावीस वर्षं सातारा जिल्हा न्यायालयात वकिली करतो. तुम्ही विचारलंय ‘कुठे शिकावं’. मी आधी विचारतो, तिला उभं कुठे राहायचंय? डॉक्टरने शिकलेलं शरीर सांगलीत तेच आणि लेस्टरमध्येही तेच. इंजिनिअरचा पूलही दोन्हीकडे त्याच नियमाने उभा राहतो. कायद्याचं तसं नाही. तो त्या त्या देशाच्या विधिमंडळाने केलेला आणि तिथल्या न्यायालयांनी घडवलेला असतो. सरहद्द ओलांडली की तुमच्या पुस्तकातली निम्मी पानं कोरी होतात. म्हणून आधी कोर्ट ठरवायचं आणि कॉलेज मागून.

आता त्या ऑफिसने सांगितलेल्या गोष्टीबद्दल. इथे वकिली करायला सनद लागते. ती आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल देते, अधिवक्ता अधिनियम १९६१ खाली. भारतात आपल्याला दोनच रस्ते मान्य आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, नाहीतर कुठलीही पदवी आणि मग तीन वर्षांची एलएल.बी. बारावीनंतर सरळ केलेली तीन वर्षांची परदेशी एलएल.बी. या दोन्हींत बसत नाही. अशा मुलांना भारतात परत आल्यावर दोन वर्षांचा ब्रिज कोर्स करावा लागतो. शिवाय परदेशी पदवी घेतलेल्या भारतीयांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाची वेगळी पात्रता परीक्षा असते. आणि शेवटी सगळ्यांनाच द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा. ब्रिज कोर्स केल्यावरही ती पात्रता परीक्षा द्यायची का, यावरून मुलं दिल्ली उच्च न्यायालयात गेलेली आहेत. म्हणजे तीन अधिक दोन, वर परीक्षा, वर वाट पाहणं. वाचलेली दोन वर्षं कुठे गेली ते तुम्हीच बघा.

परदेशी विद्यापीठ बार कौन्सिलच्या मान्य यादीत आहे का, हेही प्रवेशाआधी बघायचं असतं. त्या ऑफिसकडून हे सगळं लेखी मागा. तोंडी सांगणारे लोक लेखी द्यायची वेळ आली की गप्प होतात, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक. तिच्या मनात न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलाय की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेला बसायला किमान तीन वर्षांची वकिली हवी. म्हणजे इथली सनद आणि इथलं कोर्ट, दोन्ही आलं. महाराष्ट्रात त्यासाठी मराठी चांगली लिहिता-वाचता यावी लागते. तुम्ही शिक्षिका आहात, तिथे ती पुढेच असेल.

चिंचेचं झाड

+१. माझ्या मावसभावाचं असंच झालं. तिकडून एलएल.बी. करून आला आणि पुढची तीन वर्षं कागद गोळा करण्यात गेली. बरोबरीची इथली मुलं तोवर केस चालवायला लागली होती. पोरगं हुशार होतं, चूक फक्त माहितीची होती.

टेम्सकाठ

ताई, मी मूळ इचलकरंजीचा, आता लंडनमध्ये सॉलिसिटर, म्हणजे अशिलांना सल्ला देणारा आणि कागदपत्रं बघणारा वकील. मी जे केलं ते आधी सांगतो, मग तुमच्या भावाच्या म्हणण्याकडे येतो.

मी पुण्यात पाच वर्षांचा कोर्स केला, मुंबईत एका फर्ममध्ये चार वर्षं करारांचं काम केलं, सनद तिथलीच. त्यानंतर इंग्लंडची परीक्षा दिली. सप्टेंबर २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई नावाची परीक्षा आहे. तिला इंग्लंडची कायद्याची पदवी लागतच नाही, कुठल्याही विषयाची पदवी चालते. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्न. हा टप्पा भारतातल्या केंद्रावरूनही देता येतो. दुसऱ्या टप्प्यात सोळा प्रसंग असतात. बारा लेखी, चार तोंडी: अशिलाची मुलाखत घ्यायची, न्यायाधीशासमोर बाजू मांडायची, पत्र लिहायचं, मसुदा करायचा. तोंडी भागासाठी मात्र इकडे यावं लागतं. नव्याने शिकून आलेल्यांना दोन वर्षांचा कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. माझ्यासारख्या आधीच सनद असलेल्या वकिलांना ती अट नाही.

याचा अर्थ असा की इंग्लंडचा वकील व्हायला इंग्लंडमध्ये एलएल.बी. करण्याची सक्ती नाही. हे इकडे येणाऱ्या निम्म्या मुलांना माहीत नसतं. परदेशी विद्यार्थ्याला इथल्या एलएल.बी.ची फी साधारण वर्षाला वीस ते तीस हजार पौंड, नामांकित ठिकाणी त्याहून जास्त. व्हिसाबरोबर आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. मामाच्या घरी राहिली तर भाडं वाचेल, हे मोठं आहे, नाकारत नाही.

पण खरी अडचण पदवीनंतर सुरू होते. शिकून झाल्यावर काम शोधायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा आत्ता दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो अठरा महिन्यांचा होणार आहे. आत्ता बारावीला असलेली मुलगी पदवी घेईपर्यंत नवा नियमच लागू असणार. तेवढ्यात तिला प्रायोजकत्व देणारी फर्म मिळायला हवी. मोठ्या फर्म मुलं दुसऱ्या वर्षाला असतानाच निवडतात, तिथे चुरस भयंकर. बॅरिस्टरचं, म्हणजे कोर्टात उभं राहून बाजू मांडणाऱ्या वकिलाचं, तर बोलूच नये. बार कोर्स करून पास होणारे खूप, पण चेंबरमध्ये प्युपिलेज, म्हणजे उमेदवारी, मिळणारे थोडे. आपल्याकडे बॅरिस्टर म्हटलं की काळा झगा आणि सगळा मान डोळ्यांसमोर येतो. आत्ता इथे शेकडो मुलं बार कोर्सचं कर्ज डोक्यावर घेऊन दुसऱ्याच नोकऱ्या करतायत.

मामांचं प्रेम खरं आहे. पण मी त्यांच्या जागी असतो तर म्हणालो असतो, भारतात शीक, सनद घे, दोन-तीन वर्षं काम कर आणि मग ये. तेव्हा तू पाहुणी नसशील, वकील म्हणून येशील.

कृष्णाकाठ

कोर्टकचेरी दादा, टेम्सकाठ दादा, तुमचे प्रतिसाद यांना वाचून दाखवले. ऑफिसला फोन केला आणि लेखी मागितलं. ‘मॅडम, नियम बदलत राहतात, आम्ही फक्त प्रवेशाचं बघतो’ असं उत्तर आलं. दोन महिन्यांपूर्वी ‘थेट वकिली’ म्हणणारी तीच व्यक्ती. मला रात्री झोप लागली नाही. आम्ही प्लॉटला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली होती हो.

कॅनडाचं कुणी सांगेल का? तिची मैत्रीण तिकडे निघालीय.

मेपलपान

मी सांगते. ब्रॅम्प्टनला राहते. नागपूरला एलएल.बी. केलं, सहा वर्षं कौटुंबिक न्यायालयात वकिली केली, मग नवऱ्याबरोबर इकडे आले.

क्यूबेक प्रांत सोडला तर कॅनडात बारावीनंतर सरळ कायदा शिकता येत नाही. आधी पदवीचा अभ्यास, मग जेडी ही कायद्याची तीन वर्षांची पदवी. मैत्रीण बारावीनंतर निघाली असेल तर ती कायद्याला जात नसून दुसऱ्याच कुठल्या पदविकेला जातेय, हे तिच्या आईवडिलांना नक्की विचारा. ‘लीगल’ शब्द असलेले कितीतरी छोटे कोर्स इकडे आहेत, त्यातून वकील होत नाही. ओंटारियोत परवानाधारक पॅरालीगल असतात, त्यांना लहान दाव्यांच्या कोर्टात उभं राहता येतं. चांगला पेशा आहे, पण तो वेगळा पेशा आहे.

बाहेरून शिकून आलेल्या वकिलांना एनसीएकडे, म्हणजे परदेशी कायद्याच्या पदव्या तपासणाऱ्या इथल्या मंडळाकडे, कागद पाठवावे लागतात. ते तुमचा अभ्यासक्रम तपासून सांगतात की कोणकोणत्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या. राज्यघटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी, कॅनडाच्या कायद्याचा पाया आणि व्यावसायिक नीती हे पाच तर जवळजवळ प्रत्येकालाच लागतात. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येतं. ऐकायला सोपं वाटतं. मी पहिल्या वेळी घटनेत नापास झाले. सहा वर्षं कोर्टात उभी राहिलेली बाई, ताई, आणि निकाल बघून स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. नंतर कळलं की मी भारताच्या घटनेच्या सवयीने उत्तरं लिहीत होते. इथे केंद्र आणि प्रांतांच्या अधिकारांची विभागणी हाच सगळ्याचा कणा आहे, आणि तिथला विचार करायची रीतच वेगळी. ती अंगात मुरायला वर्ष गेलं.

त्या परीक्षा झाल्यावर ओंटारियोचे बॅरिस्टर आणि सॉलिसिटर असे दोन पेपर, आणि आर्टिकलिंग, म्हणजे कुणा वकिलाकडे उमेदवारी. खरा डोंगर तो. मी एकशे तीस ठिकाणी अर्ज केले. शेवटी एका पंजाबी वकीलबाईंनी घेतलं. कुटुंबाच्या खटल्यांत रडणाऱ्या अशिलाशी कसं बोलायचं हे मला आधीच येत होतं, म्हणून. नागपूरची ती सहा वर्षं तिथे कामाला आली. सगळं मिळून चार वर्षं लागली.

आज मी इथे वकील आहे आणि समाधानी आहे. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला कर्ज काढून या रांगेत उभं करू नका. आधी तिला पायाखाली काहीतरी असू द्या.

पाऊलवाट

मेपलपान, वाचून अंगावर काटा आला. चार वर्षं धीर धरलात.

डोंगरवाट

अमेरिकेचं थोडक्यात. इथेही कायदा पदवीनंतरच. जेडी तीन वर्षांची, एलसॅट ही प्रवेश परीक्षा देऊन. चांगल्या ठिकाणी फक्त शिकवणीची फी वर्षाला सत्तर-ऐंशी हजार डॉलर. भारतातून वकील झालेले बहुतेक जण एक वर्षाचं एलएल.एम., म्हणजे कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण, करतात आणि न्यूयॉर्कची बार परीक्षा देतात. न्यूयॉर्कचं मंडळ भारतातली पदवी तपासतं आणि प्रत्येकाच्या कागदांवरून पात्रता ठरवतं. काहींना एलएल.एम. न करताही परवानगी मिळते, म्हणून पैसे भरायच्या आधी तो अर्ज करून ठेवावा. कॅलिफोर्नियात आपल्या देशाची सनद असेल तर थेट परीक्षेला बसता येतं. बार पास होणं एक आणि नोकरी मिळणं दुसरं. पदवीनंतर कायद्याच्या विद्यार्थ्याला काम करायला एकच वर्ष मिळतं, त्यानंतर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. न्यूयॉर्क बार पास झालेले आणि परत मुंबईला गेलेले माझे चार मित्र आहेत. त्यांना मुंबईत त्या पदवीचा उपयोग झाला, पण कर्जाचे हप्ते रुपयांत कमावून फेडावे लागले.

बारावीनंतर लगेच इथे कायद्यासाठी येण्याचा प्रश्नच नाही.

मांडवी

कुणीच गोव्याकडे बघत नाही म्हणून लिहितो. मी मडगावला वकिली करतो. ‘जगात कुठे कायदा शिकावा’ हा प्रश्न आमच्याकडे फार जुना आहे, कारण आमचा कायदाच समुद्रापलीकडून आला.

गोव्यात लग्न, वारसा आणि मालमत्ता यांच्या मुळाशी १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आहे. पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवीन कायदा केला. आमच्याकडे जुनाच चालू राहिला. नवराबायकोची मालमत्ता लग्नाबरोबर सामाईक होते, आईबापाला मुलांना पूर्ण बेदखल करता येत नाही, आणि माणूस गेला की इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करण्याची, कार्यवाही करून वाटे पाडतात. २०१२ च्या गोव्याच्या वारसा अधिनियमाने यातला बराच भाग नव्याने मांडला, पण मुळं तीच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोमंतकीयाची गोव्याबाहेर भारतात असलेली मालमत्ताही याच कायद्याने वाटली जाईल. म्हणजे आमच्या एखाद्या काकांचा दादरचा फ्लॅटसुद्धा.

माझे गुरू पोर्तुगीज वाचायचे. जुने दस्त, जुने निकाल, कोइंब्रा आणि लिस्बनच्या प्राध्यापकांनी लिहिलेली भाष्यं त्यांना थेट उघडता यायची. मी मिरामारच्या साळगावकर कॉलेजात इंग्रजीतून शिकलो. पहिल्या दोन वर्षांतच लक्षात आलं की मी भिंतीच्या बाहेर उभा आहे. मग तिशीत पणजीत संध्याकाळी पोर्तुगीज शिकायला जायला लागलो. आज १९३८ चा दस्त समोर आला तर दुसऱ्याकडे धावावं लागत नाही. हे शिकायला मी लिस्बनला राहायला गेलो असतो तर बरं झालं असतं का? भाषेसाठी हो. सनदेसाठी काहीच उपयोग नव्हता.

तुमच्या लेकीला माझं एवढंच सांगणं की कायद्याला भाषा असते. ज्या कोर्टात जायचं, तिथल्या दस्तांची भाषा आधी.

हेगची सायकल

नेदरलँड्सबद्दल लिहिते, कारण इथे ‘इंग्रजीतून एलएल.बी.’ ही जाहिरात भारतात फार चालते. आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय कायद्याची इंग्रजी एलएल.बी. काही डच विद्यापीठांत आहे. अभ्यास उत्तम. पण डच वकील होण्यासाठी पदवीला ‘सिव्हील एफेक्ट’ असावा लागतो आणि तो डच भाषेतल्या डच कायद्याच्या अभ्यासातूनच येतो. इंग्रजी पदवीने ना डच सनद, ना भारताची. माझ्या वर्गातल्या एका मुलीला हे दुसऱ्या वर्षी कळलं.

जर्मनीचंही असंच. वकील किंवा न्यायाधीश व्हायला दोन राज्य परीक्षा, मधे दोन वर्षांची उमेदवारी, आणि सगळं जर्मनमधून. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही म्हणून लोक हुरळतात. फी नाही हे खरं. पण जर्मन कायदा जर्मनमधून शिकायचाय हे विसरतात.

मी स्वतः मुंबईत पाच वर्षांचा कोर्स करून लायडनला एक वर्षाच्या एलएल.एम.ला आले. मला सागरी सीमांचे वाद शिकायचे होते आणि त्यासाठी ही जागा योग्य होती. दहा-पंधरा मिनिटं रेल्वेने गेलं की हेग, तिथे शांती प्रासादात आंतरराष्ट्रीय न्यायालय. सुनावणी लोकांना बघता येते. देशांचे वकील उभे राहून नकाशे दाखवतात तेव्हा आपण मुंबईत कॉलेजात वाचलेलं पान जिवंत होतं. त्याच प्रासादाच्या आवारात हेग अकादमीचे उन्हाळी वर्ग भरतात, तीन आठवड्यांचे. पूर्ण पदवी परवडत नसेल त्याने नोकरी करताकरता ते तीन आठवडे तरी करावेत, शिष्यवृत्त्याही असतात. लायडनमध्ये खोली मिळणं मात्र फार कठीण. मी पहिला महिना ओळखीच्यांच्या सोफ्यावर काढला.

जहाजांचा कायदा हवा असेल तर साउदम्प्टन, ऑस्लो, माल्टा. बौद्धिक संपदा हवी असेल तर म्युनिक. ही ठिकाणं विषयासाठी निवडतात. विषय पाचव्या वर्षापर्यंत कळतो, बारावीत नाही.

निळी पहाट

मी नांदेडचा. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला मानवी हक्कांचं एलएल.एम. करून आलो. ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे. दरवर्षी ७५ विद्यार्थी, पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी, विद्यापीठाला जागतिक क्रमवारीची अट. सारथीतर्फेही मराठा, कुणबी मुलांसाठी अशी योजना आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. आणि जमशेदजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती कुठल्याही जातीधर्माच्या मुलांना आहे. यातलं जवळजवळ सगळं पदवीनंतरच्या शिक्षणासाठी मिळतं. बारावीनंतर एलएल.बी.ला गेलात तर पैसा घरचाच. प्लॉट विकायची वेळ तिथेच येते, ताई.

मी गेलो ते बाबासाहेबांमुळे. १९१६ मध्ये त्यांनी लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत नाव घातलं, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परत यावं लागलं, पुन्हा गेले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबईत येऊन वकिली सुरू केली. पुढे १९३५ मध्ये त्याच शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, ज्याची फी इथे वर कुणीतरी सांगितली. ग्रेज इनच्या दारात मी अर्धा तास नुसता उभा होतो. आत जायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

तेव्हा इंग्लंडला जाण्याला वेगळंच मोल होतं, कारण बॅरिस्टर ही पदवी इथल्या उच्च न्यायालयाचं दार उघडायची. आज ते दार सनदेने उघडतं. तरीही जावंसं वाटतं आणि जावं, असं माझं मत आहे. तिथे मला माझ्याच देशाचे खटले दुसऱ्या देशांच्या मुलांना समजावून सांगावे लागले, त्यातून मी घटना नव्याने वाचली. पण मी आधी इथे शिकलो होतो, म्हणून सांगायला माझ्याकडे काही होतं.

चिंचेचं झाड

कॉर्नेलिया सोराबजींचं नाव राहिलं. नाशिकला १८६६ मध्ये जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, १८८९ मध्ये ऑक्सफर्डला. कायदा शिकणारी तिथली पहिली बाई. १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण बाई म्हणून पदवी मिळाली १९२२ मध्ये. तीस वर्षं. लेकीला सांगा ताई.

टेम्सकाठ

ऑस्ट्रेलियाचं कुणी लिहिलं नाही. माझी बहीण मेलबर्नला आहे, तिच्याकडून जे कळलं ते: तिथे बारावीनंतर एलएल.बी. आहे, चार वर्षांची, त्यानंतर व्यावहारिक प्रशिक्षण. भारतातून शिकून गेलेल्यांना प्रत्येक राज्याचं मंडळ तपासतं आणि ‘प्रीस्टली इलेव्हन’ म्हणतात त्या अकरा विषयांपैकी राहिलेले पुन्हा करायला लावतं. बहिणीने सात केले.

कृष्णाकाठ

आज लेकच लिहितेय माझ्या आयडीवरून. मी नुसती शेजारी बसलेय.

—

नमस्कार. मी सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. कोर्टकचेरी काकांनी विचारलं की मला उभं कुठे राहायचंय. ते मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारतात, कुठे जायचंय.

माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, वाटणीचा दावा तासगावला आहे. २००३ मध्ये लावलाय. तिच्या भावांनी जमीन आपसांत वाटून घेतली आणि तिला काही दिलं नाही. मी सातवीत असताना तिच्याबरोबर पहिल्यांदा कोर्टात गेले होते. वकिलांनी इंग्रजीत काहीतरी सांगितलं, साहेबांनी तारीख दिली, आणि बाहेर आल्यावर आजीने मला विचारलं, काय झालं गं? मला सांगता आलं नाही. वकिलांनाही सांगायला वेळ नव्हता. तिथून मला कायदा शिकायचाय.

पण लंडनही मला खरंच हवंय. मला वादविवाद आवडतो, मोठ्या प्रश्नांवर बोलायला आवडतं. आजीच्या केससाठी शिकायचं म्हणजे कायम तालुक्यातच राहायचं का? हेगच्या ताईंनी नकाशांचं लिहिलंय ते वाचून रात्री मी ते सगळं शोधून बघितलं. दोन्ही हवं असेल तर काय करायचं?

हेगची सायकल

बाळा, दोन्ही मिळतं. वाटणीचा दावा आणि समुद्राच्या सीमेचा वाद यांत फरक आकाराचा आहे. जुना नकाशा कुणी काढला, कधी काढला, त्यावर सह्या कुणाच्या, ताबा कुणाकडे होता, मधल्या काळात कुणी हरकत घेतली का, हेच प्रश्न हेगमध्येही विचारतात. तू सातवीत ते ऐकलेलं आहेस. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी कोर्टाची पायरीही पाहिली नव्हती.

कोर्टकचेरी

पोरी, तुझं लिहिलेलं मी आमच्या बार रूममध्ये दोघा सिनियरांना वाचून दाखवलं.

आजीच्या दाव्याबद्दल इथे जास्त बोलणं बरं नाही, तिचे वकील आहेत. पण शिकायचं काय असतं ते दिसावं म्हणून थोडं सांगतो. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना जन्मतः हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ मध्ये केंद्राने हिंदू उत्तराधिकार कायदा बदलला तेव्हा तो भेद गेला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर वाटणी झाली असेल तर तिला धक्का नाही. मग पंधरा वर्षं वाद चालला की २००५ मध्ये बाप जिवंत असायला हवा का. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, नको. हिस्सा जन्मानेच मिळतो. आता तुझ्या आजीच्या भावांनी २००३ पूर्वी केलेली वाटणी नोंदणीकृत होती की नुसता तलाठ्याकडे फेरफार झाला, यावर किती काय अवलंबून आहे बघ. हे लेस्टरच्या एलएल.बी.त शिकवत नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नाही. त्यांचा कायदा वेगळा.

इथेही सगळं बदलत असतं. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया, पुरावा तिन्ही नवे आले, आणि मी या वयात पुन्हा कलमं पाठ करतोय. तू शिकशील तेव्हा तुझ्यासाठी तीच पहिली असतील.

आणि तालुक्यात अडकण्याबद्दल म्हणशील तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांच्या केसेस तिथे. आमच्या पिढीला उच्च न्यायालयात उभं राहायचं तर मुंबईत खोली बघावी लागायची. तुला सांगलीहून दीड तास.

माझा सल्ला: पाच वर्षांच्या कोर्सची राज्याची सीईटी दे, राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा क्लॅटही दे. त्या विद्यापीठांत मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आहेत, बंगळूरु मिळालं तर उत्तमच. तिथली फी लाखांत असते, पण बँका कर्ज देतात आणि ते प्लॉट न विकता फिटतं. नाहीच मिळालं तर पुणे, मुंबई, कोल्हापूरची कॉलेजं आहेत. पात्र झालीस की हेगचे ते तीन आठवडे कर. पुढे एलएल.एम.ला जाशील तेव्हा निळी पहाट यांनी सांगितलेली दारं उघडी असतील.

मेपलपान

आणि आजीला काय झालं ते सांगता येणं, हे लहान काम समजू नकोस. मला इथे उमेदवारी त्यावरच मिळाली.

निळी पहाट

अर्जाच्या वेळी निबंध लिहावा लागतो, ‘मला कायदा का शिकायचाय’. वरचा तासगावचा परिच्छेद जपून ठेव. मी पाहिलेल्या बहुतेक अर्जांपेक्षा तो खरा आहे.

कृष्णाकाठ

मी आईच लिहितेय आता. भावाशी काल बोलले. तो थोडा दुखावला, मग म्हणाला, ठीक आहे, पाच वर्षांनी पाठव, खोली तशीच ठेवतो. प्लॉटच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवलं. क्लॅटची तारीख यंदा हातातून गेल्यासारखीच आहे, त्यामुळे सीईटीवर भर. ती काहीशी नाराज आहे आणि मी तिला नाराज राहू देतेय. लंडनचं चित्र भिंतीवरून काढलेलं नाही.

कोर्टकचेरी दादा, एक विचारायचं होतं. ती म्हणते, मला आजीच्या केसचे कागद एकदा वाचायचे आहेत, पण सगळं आजीच्या वकिलांकडे आहे आणि मागायला आम्हाला संकोच वाटतो. त्यांना आमचा विश्वास नाही असं वाटू नये.

कोर्टकचेरी

संकोच करू नका. आजी पक्षकार आहे, तिला आपल्या दाव्यातल्या कागदांच्या नकला मिळायचा हक्क आहे. तासगावला नक्कल विभागात अर्ज करायचा, दाव्याचा क्रमांक आणि वर्ष लिहायचं, कोर्ट फी स्टँप लावायचा आणि आजीची सही घ्यायची. वादपत्र, कैफियत आणि मुद्दे या तिघांच्या नकला आधी मागा, बाकीचं नंतर. अर्ज मुलीला स्वतःच्या हाताने लिहू दे, मराठीत. अडलं तर इथेच टाका, मी बघतो.